जुनी फिल्म व्हिडिओवर घेताना आवाजात गुणगुण आणि खरखर पुन्हापुन्हा का येते

फिल्म व्हिडिओवर घेतली, चित्र छान उतरलं, आणि आवाज लावून पाहिला तर मागे सतत गुणगुण. सॉफ्टवेअरने ती साफ केली तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायला लागली. पुढचं रीळ लावलं, पुन्हा तीच गुणगुण. या फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. मीही सुरुवातीची काही रिळं अशीच फिल्टर लावून मोकळा झालो होतो. मूळ ध्वनिमुद्रण वेगळं ठेवलं नव्हतं, आणि त्यातली दोन रिळं आज प्रोजेक्टरवर चढवण्याच्या लायकीची उरलेली नाहीत. त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो की गोंगाट नेमका कुठून शिरतोय ते कळेपर्यंत एकही फिल्टर लावू नका.

गोंगाट दोनच ठिकाणी असू शकतो. एक तर तो फिल्मच्या ध्वनिपट्टीवरच, म्हणजे फिल्मच्या कडेला आवाज साठवणाऱ्या पट्टीवरच आहे, नाहीतर प्रोजेक्टरपासून संगणकापर्यंतच्या वाटेत कुठेतरी मिसळतोय. वाटेतला गोंगाट जवळजवळ पूर्ण घालवता येतो, आणि तोही आवाजाला धक्का न लावता. फिल्मवरचा मात्र फक्त कमी करता येतो, आणि त्याची काहीतरी किंमत द्यावीच लागते. अडचण अशी की कानाला दोन्ही सारखेच वाटतात.

आधी फिल्म न लावता रेकॉर्डिंग करा

रेकॉर्डिंग चालू करा आणि शेवटपर्यंत बंद करू नका. रेकॉर्डिंगची पातळीही मध्ये बदलू नका. प्रत्येक पायरीला अर्धा मिनिट द्या आणि वेळ कागदावर लिहून ठेवा.

पहिल्यांदा प्रोजेक्टर बंद, पण केबल जोडलेली. आता जे ऐकू येतं ते केबल, अर्थिंग किंवा संगणकाचं. मग अँप्लिफायर चालू करा आणि आवाजाची खुंटी नेहमीच्या जागी ठेवा. वाढलेला गोंगाट अँप्लिफायरचा. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने वाचली जाणारी ध्वनिपट्टी वाचणारा प्रोजेक्टर असेल तर त्यानंतर एक्सायटर दिवा लावा. हा पट्टीवर प्रकाश टाकतो आणि पलीकडचा फोटोसेल त्या प्रकाशाचा विजेचा सिग्नल करतो. या वेळी फिल्म नसल्यामुळे दिव्याचा सगळा प्रकाश फोटोसेलवर पडतो, त्यामुळे दिव्याचा दोष असेल तर तो इथेच सगळ्यात ठळक ऐकू येतो. आता दिवा आणि फोटोसेल यांच्यामध्ये काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरा. गुणगुण थांबली तर ती प्रकाशातून येत होती. तशीच राहिली तर ती विजेच्या जोडणीतून येतेय. ही एवढीशी चाचणी तासन् तास वाचवते. पुढे पुठ्ठा काढून नुसती मोटार चालवा. आणि सगळ्यात शेवटी फिल्म लावा, पण आधी ध्वनिपट्टीचा असा भाग निवडा जिथे कोणी बोलत नाही आणि संगीतही नाही.

काही प्रोजेक्टरवर मोटार आणि दिवा वेगवेगळे चालू करता येत नाहीत. तिथे पुठ्ठ्याच्या चाचणीवरच भागवायचं.

आणखी एक खूण मला फार उपयोगी पडली आहे. चित्रातली लुकलुक टाळण्यासाठी आपण बऱ्याचदा फिल्म मूळ वेगाने चालवत नाही: सेकंदाला २४ फ्रेमची २५ वर, किंवा १८ फ्रेमची १६.६७ वर चालवतो. ध्वनिपट्टीवर पूर्वीच उतरलेली ५० हर्ट्झची गुणगुण अशा वेळी सरकते. पहिल्या बाबतीत सुमारे ५२.१ वर, दुसऱ्या बाबतीत सुमारे ४६.३ वर. आज तुमच्या जोडणीत मिसळलेली गुणगुण मात्र ५० वर ठाम उभी असते. सॉफ्टवेअरमधला स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख, मोठा करून बघा, उत्तर तिथे लिहिलेलं असतं. एकदा मला ५० आणि ५२ अशा दोन रेषा शेजारी शेजारी दिसल्या होत्या. म्हणजे मूळ मुद्रणाच्या वेळी कोणाची तरी जोडणी बिघडलेली होती आणि आता माझीही. माझी दुरुस्त केली, दुसरी फिल्टरने काढली.

गुणगुण

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

घरगुती वीज देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची असते. मुख्य गुणगुण नेमकी त्याच आकड्यावर असेल तर बहुधा अर्थिंगचा फेरा झालेला असतो. प्रोजेक्टरची अर्थिंग एका वाटेने, संगणकाची दुसऱ्या वाटेने, आणि ऑडिओ केबलची जाळी दोघांना जोडतेय. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर निदान झालं. कायमचा उपाय म्हणजे ऑडिओच्या वाटेत १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो कधीही ऐकू नका. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या काही जुन्या प्रोजेक्टरमध्ये धातूच्या सांगाड्यात वीज उतरू शकते, आणि तीच केबलमधून तुमच्या हातापर्यंत येते. सांगाड्याबद्दल जरा जरी शंका असली तर जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय त्याला संगणक जोडू नका.

गुणगुण १०० किंवा १२० हर्ट्झवर असेल आणि पुठ्ठ्याने थांबत असेल तर प्रकाशाकडे बघा. बदलत्या विजेवर चालणाऱ्या दिव्याची तार प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणून आकडा दुप्पट होतो. चांगल्या प्रोजेक्टरमध्ये एक्सायटर दिवा सरळ विजेवर किंवा खूप वरच्या कंपनसंख्येवर चालवतात. सरळ विजेच्या पुरवठ्यातला कपॅसिटर वाळला की लहर शिल्लक राहते आणि ती थेट ध्वनीत उतरते. कपॅसिटर बदलल्यावर अशी गुणगुण नाहीशी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. दिव्याच्या जागी एलईडी बसवणारेही आहेत. तो उपाय चांगला, फक्त एलईडीची उजळणी झपाझप चालू-बंद करून कमी करणारा सर्किट वापरला तर गुणगुण जाऊन बारीक शिट्टी येते.

खोलीतले दिवे विसरू नका. ध्वनी वाचणाऱ्या भागाचं झाकण उघडं असेल तर छतावरच्या दिव्याचा प्रकाशही फोटोसेलपर्यंत पोचतो आणि तीच १०० हर्ट्झची गुणगुण तयार करतो. खोलीत अंधार करून ऐका. हे सांगायला साधं आहे, पण प्रोजेक्टर उघडून दुरुस्ती करताना झाकण काढलेलं असतं आणि तेव्हाच चाचण्या चालतात, त्यामुळे माणूस भलत्याच दिशेला जातो.

मॅग्नेटिक पट्टीच्या फिल्मला प्रकाशाचा प्रश्न नाही, कारण तिच्यावरचा आवाज कॅसेटसारखा चुंबकीय हेडने वाचला जातो. तिथे प्रोजेक्टरचा ट्रान्सफॉर्मर आणि मोटार यांचं चुंबकीय क्षेत्र हेडमध्ये शिरतं. हेडवरची धातूची ढाल जागेवर आहे का, तिचा स्क्रू सैल झालाय का, हे पाहा. बाहेरचा वीजपुरवठा आणि केबल यांच्यामध्ये अंतर ठेवा. दोन्ही एकत्र गुंडाळलेली नकोत. मध्येच टर्रर्र-टर्रर्र असा तुटक आवाज आला तर खिशातला मोबाइल लांब नेऊन ठेवा. जीएसएम फोनचे झटके सेकंदाला २१७ वेळा येतात आणि जुनी अँप्लिफायरं ते बिनतक्रार पकडतात.

फटफट: जी गुणगुण नसतेच

गुणगुणीपेक्षा खालचा, इंजिनाच्या फटफटीसारखा आवाज येत असेल आणि तो फिल्म चालू असतानाच येत असेल, तर विजेचा नाद सोडा. १६ मिमीच्या ध्वनी फिल्मवर छिद्रं एकाच बाजूला असतात, फ्रेममागे एक. दुसऱ्या कडेला ध्वनिपट्टी. दिव्याचा प्रकाश ध्वनिपट्टीवर बारीक रेषेत पाडणारी फट चित्राच्या बाजूला सरकली तर दर फ्रेमची सीमारेषा वाचली जाते आणि २४ हर्ट्झची फटफट तयार होते. तिच्या पटीतल्या ४८, ७२, ९६ वरही रेषा दिसतात. ३५ मिमीवर फ्रेममागे चार छिद्रं असतात, त्यामुळे फट छिद्रांकडे सरकली तर आवाज ९६ हर्ट्झवर येतो आणि सीमारेषांकडे सरकली तर २४ वर. म्हणजे ३५ मिमीवर आकडा बघूनच फट कोणत्या बाजूला सरकवायची ते कळतं.

उपाय यांत्रिक आहे. ध्वनी ड्रमजवळची मार्गदर्शक चाकं स्वच्छ करा, त्यांची स्प्रिंग फिल्मला कडेला नीट दाबते का बघा, मग फट किंवा चाक अगदी थोडं थोडं सरकवत कानाने ऐका. मूळ जागेवर आधी पेन्सिलने खूण करून ठेवा. जुनी फिल्म रुंदीतही आक्रसते, म्हणून एका रिळाला बरोबर बसलेली जागा दुसऱ्याला चुकते. गोंगाट "पुन्हापुन्हा येतो" यामागे माझ्या अनुभवात हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघालंय. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो, फिल्म वेगळी असते. दर रिळाला ही जागा तपासायची सवय लावून घ्या.

फुसफुस

फुसफुशीचं बरंचसं कारण असं असतं की मूळ आवाज कमी येतोय आणि आपण खुंटी वाढवतोय. म्हणून फुसफुस कमी करायची नाही, आवाज वाढवायचा.

ऑप्टिकलमध्ये एक्सायटर दिव्याची काच काळवंडलेली असते, किंवा भिंगावर तेलाचा पातळ थर बसलेला असतो. भिंग पुसल्यावर आवाज इतका वाढतो की आधीची पातळी खाली आणावी लागते. मग फोकस. १६ मिमीच्या प्रतींमध्ये चित्राचा थर कधी दिव्याकडे असतो तर कधी पडद्याकडे. फिल्मची जाडी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, पण तेवढा फरकही फटीची रेषा अंधूक करायला पुरतो. बऱ्याच प्रोजेक्टरवर यासाठी छोटी तरफ किंवा खुंटी असते. बोलण्यातले "स" आणि "श" सगळ्यात टोकदार ऐकू येतील तिथे ती थांबवा. फोकस चुकलेला असताना घेतलेला आवाज नंतर इक्वलायझरने उजळायला गेलात तर त्याबरोबर फुसफुसही उजळते.

रंगीत प्रतींची एक वेगळी गोष्ट आहे. ध्वनिपट्टी चांदीची असेल तर ती सगळा प्रकाश अडवते. ती नुसत्या रंगद्रव्याची असेल तर अवरक्त प्रकाश तिच्यातून आरपार जातो. टंगस्टनच्या दिव्यात अवरक्त भरपूर आणि सिलिकॉनच्या फोटोसेलला तो छान दिसतो. त्यामुळे अशी पट्टी त्या जोडीला जवळजवळ पारदर्शक वाटते, सिग्नल पडतो आणि फुसफुस वर येते. नव्या सायन (निळसर-हिरव्या रंगद्रव्याच्या) पट्ट्यांसाठी लाल एलईडी वापरतात ते याच कारणाने.

मॅग्नेटिकमध्ये आधी हेड. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच फिल्म चढवा. सुपर ८ च्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मला हेडवर दाबणारी छोटी गादी असते. ती झिजली की आवाज कधी जवळ, कधी लांब जातो. हेड चुंबकित झालं असेल तरी फुसफुस वाढते आणि, जास्त वाईट म्हणजे, पट्टीवरचे वरचे सूर थोडे थोडे पुसले जातात. ते घालवण्याचं उपकरण वापरताना प्रोजेक्टर बंद ठेवा, सगळ्या फिल्म दुसऱ्या खोलीत न्या, उपकरण लांबूनच चालू करा, हळू जवळ आणा, हळू हातभर लांब न्या आणि तिथे बंद करा. हेडजवळ असताना बंद केलंत तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं.

हेडचा कोन हाही ऐकूनच लावायचा. प्रत्येक कॅमेऱ्याने आपापल्या कोनात आवाज भरलेला असतो. सुपर ८ ची फिल्म १८ फ्रेमवर सेकंदाला जेमतेम ७६ मिलिमीटर सरकते. इतक्या कमी वेगात कोनातली छोटीशी चूकही वरचे सूर खाऊन टाकते.

टकटक आणि खाडकन्

धूळ, ओरखडे आणि जोड, म्हणजे फिल्मचे दोन तुकडे चिकटवलेली जागा. ऑप्टिकल पट्टीच्या पारदर्शक भागावर बसलेली धूळ आणि काळ्या भागावर पडलेला ओरखडा, दोन्ही सारखेच टकटकतात. त्यामुळे फिल्म साफ करणं हाच पहिला उपाय: धागे न सोडणारं मऊ कापड, हलका हात, कोरडं. मॅग्नेटिक पट्टी असलेल्या फिल्मवर कोणतंही द्रावण आधी लीडरच्या, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या फिल्मच्या तुकड्यावर वापरून बघा. पट्टी चिकटवलेली असते आणि ती सुटू शकते.

टक आवाज जोडाचाच आहे का, हे ओळखायची युक्ती अशी. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या फटीतून जाते आणि नंतर आवाज वाचणाऱ्या जागी पोचते. १६ मिमी ऑप्टिकलमध्ये हे अंतर २६ फ्रेमचं, सुपर ८ मध्ये १८ फ्रेमचं. म्हणजे चित्रात जोड उडी मारतो आणि साधारण एका सेकंदाने टक येतो. हा ठोका जुळला की जोड सापडला. ऑप्टिकल फिल्मवर त्या जागी ध्वनिपट्टीवर काळ्या शाईने उतरता-चढता त्रिकोण काढायची जुनी पद्धत आहे. आवाज अचानक तुटण्याऐवजी हळू मिटतो आणि हळू उघडतो, त्यामुळे खाडकन् होत नाही. मॅग्नेटिकवर चिकटपट्टी ध्वनिपट्टीवर आली असेल तर तेवढीच कड धारदार पात्याने कापून टाका.

आवाज डोलत असेल, सूर वर-खाली होत असतील, तर झिजलेला पट्टा किंवा सुकलेलं वंगण तपासा. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर मात्र काम थांबवा. ॲसिटेटचा पाया कुजायला लागलाय, फिल्म आक्रसतेय आणि वाकडी होतेय. मॅग्नेटिक पट्टीतला लोहाचा ऑक्साइड ही क्रिया आणखी वेगाने नेतो. अशी फिल्म दातेरी चाकांच्या प्रोजेक्टरवर चढवली तर छिद्रं फाटतात. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवा आणि दाते नसलेल्या स्कॅनरवर द्या. ऑप्टिकल असेल तर ध्वनिपट्टीसकट पूर्ण रुंदी स्कॅन करून घ्या. त्या चित्रांवरून आवाज तयार करणारी एईओ-लाइट ही मोफत प्रणाली साउथ कॅरोलायना विद्यापीठाने केलेली आहे. फ्रेममागे २,००० ओळी आणि २४ फ्रेम असा हिशोब केला तर सेकंदाला ४८,००० नमुने मिळतात, म्हणजे पुरेसे. प्रोजेक्टरच नसल्यामुळे दिवा, मोटार आणि अर्थिंग हे तिन्ही प्रश्न तिथे उद्भवतच नाहीत.

जोडणी आणि पातळी

प्रोजेक्टरच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवू नका. मोटारीची घरघर आणि खोलीचा घुमारा नंतर वेगळा करता येत नाही. प्रोजेक्टरला लाइन आउट (दुसऱ्या उपकरणाला जोडायचं कमी पातळीचं भोक) असेल तर तो घ्या. फक्त स्पीकरचा आउट असेल तर मध्ये पातळी उतरवणारं सर्किट हवं, नाहीतर संगणकाच्या लाइन इनमध्ये आवाज फाटतो आणि ती फाटलेली किनार गोंगाटासारखी ऐकू येते. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा स्पीकर काढला तर त्याच्या जागी स्पीकरएवढ्याच ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर जोडा. बिनभाराचं चालवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज -१२ डेसिबलच्या आसपास. आणि कॅमेऱ्यावर किंवा फोनवर आवाज घेत असाल तर आपोआप पातळी बदलणारी सोय बंदच करा. बोलणं थांबलं की ती फुसफुस वर उचलते आणि शब्द आला की दाबते. असा श्वास घेतल्यासारखा गोंगाट कोणत्याही फिल्टरला नीट काढता येत नाही, कारण तो दर क्षणी बदलतो.

आता सॉफ्टवेअर

मूळ ध्वनिमुद्रणाची न हात लावलेली प्रत बाजूला ठेवा. फाइलच्या नावात फिल्म किती फ्रेमवर चालवली तो आकडा घाला.

आधी टकटक काढा. ती तशीच ठेवून पुढचे फिल्टर लावले तर प्रत्येक टक पसरून ठणठणते. मग गुणगुणीच्या अरुंद खाचा, मूळ आकडा आणि त्याच्या पटी, पण स्पेक्ट्रममध्ये खरोखर दिसतात तेवढ्याच. मग फुसफुस. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाटाचा नमुना घेताना त्याच रिळावरच्या, ध्वनिपट्टी असलेल्या शांत जागेतला एक-दोन सेकंदांचा तुकडा घ्या. कोऱ्या लीडरचा नमुना चालत नाही, कारण त्यावर पट्टीचा स्वतःचा गोंगाट नसतो. ६ ते ९ डेसिबलच्या वर जाऊ नका. तिथेच काढून टाकलेला भाग ऐकण्याची सोय आहे, ती वापरा. त्यात शब्द ओळखू येत असतील तर तुम्ही गोंगाटाबरोबर माणूसही काढताय.

१६ मिमी ऑप्टिकलवर ६-७ किलोहर्ट्झच्या वर कामाचं क्वचितच काही सापडतं. स्पेक्ट्रममध्ये आवाज जिथे संपतो त्याच्या थोडं वर कात्री लावली की निम्मी फुसफुस फुकटात जाते. खाली ८० हर्ट्झपाशी कापलं तर बोलण्याला फारसं काही होत नाही. मूळ वेगावर आणण्याचं काम यानंतर करा, आणि तेव्हा सूर आणि लांबी दोन्ही एकत्र बदलणारी आज्ञा निवडा. १६.६७ वर घेतलेला आवाज ७ टक्क्यांहून जास्त मंद झालेला असतो. नुसती लांबी ताणणारी आज्ञा दिली तर घशाचा खोल आवाज तसाच राहतो.

सुपर ८ च्या ध्वनी कॅमेऱ्याने घेतलेल्या रिळांवर एक बारीक घरघर शेवटपर्यंत उरते. सगळ्या पायऱ्या केल्या तरी ती जात नाही, कारण ती त्या कॅमेऱ्याच्या मोटारीची आहे आणि चित्रीकरणाच्या वेळीच पट्टीवर उतरलेली आहे. ती मी ३ डेसिबल खाली आणतो आणि तिथे थांबतो.